मॉनिटरवर उभी रेघ: दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी माझ्याकडे. दाद कोणाकडे मागावी?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)

नमस्कार मंडळी.

मी शहापुरात घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचे काम करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, मंडळांच्या पावत्या, मराठी आणि कन्नड दोन्ही. हाताखाली माणूस नाही. मीच टंकतो, मीच मुद्रिते तपासतो. चौदा महिन्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानातून मी २४ इंची मॉनिटर ११,८०० रुपयांना पक्क्या बिलावर घेतला. तीन वर्षांची वॉरंटी आहे असे दुकानदाराने तोंडी सांगितले होते आणि खोक्यावरही तसे छापलेले आहे.

गेल्या महिन्यात सकाळी मॉनिटर सुरू केला, तेव्हा डाव्या कडेपासून साधारण चार बोटांवर हिरवी उभी रेघ वरपासून खालपर्यंत दिसू लागली. रेघ केसाएवढी बारीक आहे, पण पत्रिकेचा मजकूर जुळवताना नेमकी काना-मात्रेवर येते आणि दिवसभर डोळ्यांना खुपते. दुकानात गेलो, तर सात दिवसांनंतर आमचा संबंध नाही, सर्व्हिस सेंटरला फोन करा, असे उत्तर मिळाले. मी फोन केला. चार दिवसांनी इंजिनिअर घरी आला, त्याने खालच्या कडेवर अंगठ्याने दाबून पाहिले, तेव्हा रेघ क्षणभर गेली आणि अंगठा काढताच परत आली. त्यानंतर त्याने जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज, सीआयडी’ असे लिहिले. सीआयडी म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेले नुकसान, हे मला त्यालाच विचारून कळले. पॅनेल बदलायचे असेल तर ८,४०० रुपये भरावे लागतील, असे तो म्हणाला. मॉनिटर कधी पडलेला नाही, त्याला कशाचा धक्काही लागलेला नाही. घरात लहान मूल नाही आणि त्या खोलीत माझ्याखेरीज कोणी बसत नाही.

त्यात आणखी एक अडचण निघाली आहे. बिलावर दुकानदाराने सीरियल नंबर हाताने लिहिला आहे आणि त्यातला एक अंक मॉनिटरच्या मागच्या चिकटपट्टीवरच्या अंकाशी जुळत नाही. बिलावर ७ आहे, मॉनिटरवर १ आहे. इंजिनिअरने तेही टिपून घेतले.

माझे विचारणे असे आहे. ही रेघ खरोखरच दाब पडून येते का? बिलावरच्या अंकाची चूक कशी दुरुस्त करून घ्यावी? आणि दुकानदार हात झटकतो ते योग्य आहे का? साडेआठ हजार भरून जुन्या मॉनिटरला नवे पॅनेल बसवण्यापेक्षा नवीन घे, असे सगळेच सांगतात. मला ते पटत नाही, कारण तीन वर्षांच्या हमीचे पैसे मी आधीच मोजलेले आहेत.

उत्तर १ (खानापूर, मॉनिटर व टीव्ही दुरुस्ती)

मी सोळा वर्षे हेच काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

आपल्या वर्णनात सगळ्यात महत्त्वाचे वाक्य अंगठ्याचे आहे. पॅनेलच्या काचेच्या वरच्या किंवा खालच्या कडेला पातळ, लवचीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्या पट्टीवरच एक छोटी चिप असते आणि त्या चिपमधून प्रत्येक उभ्या ओळीला स्वतंत्र संदेश जातो. हा जोड डाखाचा नसतो. विद्युतवाहक कण असलेल्या चिकट थराने, उष्णता आणि दाब देऊन तो कारखान्यात बसवलेला असतो. कालांतराने, विशेषतः गरम होणे आणि थंड होणे या चक्रात, एखाद्या ठिकाणी हा जोड सुटतो आणि त्या एकाच ओळीचा संदेश तुटतो. त्यामुळे वरपासून खालपर्यंत एकसारखी, सरळ, एका रंगाची रेघ उमटते. कडेवर दाबले की सुटलेला जोड तेवढ्यापुरता टेकतो आणि रेघ जाते. काच फुटली असती तर दाबल्याने रेघ गेली नसती, उलट डाग वाढला असता. इंजिनिअरने स्वतःच्या अंगठ्याने दोष दाखवला आणि कागदावर मात्र उलट लिहिले.

धक्का किंवा दाब बसलेले पॅनेल अगदी वेगळे दिसते. त्यात एक केंद्र असते, जिथे मार बसला ते. तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा फुटतात आणि भोवती शाई सांडल्यासारखा काळा किंवा जांभळट डाग पसरतो. मॉनिटर बंद करून, खोलीत अंधार करून, बॅटरीचा झोत काचेला जवळजवळ समांतर धरून पाहा. तडा असेल तर तो चमकतो. तडा नसेल, तर हाच प्रयोग मोबाईलवर चित्रित करून ठेवा.

त्याबरोबर आणखी दोन गोष्टी करा. मॉनिटरच्या बटणाने त्याचा स्वतःचा मेनू उघडा. रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष मॉनिटरमध्ये आहे, संगणकाच्या ग्राफिक्स कार्डात नाही. मग केबल काढा. पडद्यावर ‘नो सिग्नल’ येईल आणि रेघ तशीच राहील. हे सगळे एकाच अखंड चित्रफितीत घ्या. सुरुवात मागच्या सीरियल नंबरच्या चिकटपट्टीपासून करा आणि कॅमेरा न थांबवता पुढे या, म्हणजे दुसऱ्याच मॉनिटरचे चित्रण आहे असे कोणाला म्हणता येणार नाही.

मॉनिटर उघडू नका, आणि माझ्यासारख्या कोणालाही उघडू देऊ नका. मागचे कव्हर क्लिपांवर असते. ते काढताना कडेला ओरखडे पडतात आणि मग सीआयडीचा शेरा खरा ठरतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मी हेच सांगून परत पाठवतो, कारण वॉरंटीतला मॉनिटर माझ्या टेबलावर आला की त्यांचा हक्क गेला.

जाता जाता, ही रेघ आणि ‘डेड पिक्सेल’ यांची गल्लत होऊ देऊ नका. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक पिक्सेल असतात. त्यांपैकी ठरावीक संख्येपर्यंत बिघडलेले ठिपके चालतात, अशी सूट बऱ्याच कंपन्या आयएसओ ९२४१ या मानकाच्या आधारे वॉरंटीच्या अटींत घेतात. एखादा ठिपका दाखवून पॅनेल बदलून मिळत नाही. पण अख्खी ओळ गेली असेल, तर त्या सवलतीत ती बसत नाही. फोनवरच्या माणसाने पिक्सेलचा नियम वाचून दाखवला, तर त्याला शांतपणे सांगा की ही ओळ आहे, ठिपका नाही.

उत्तर २ (निपाणी, संगणक विक्रेता)

मी स्वतः दुकानदार आहे. आमच्या बाजूने काय घडते ते सांगतो, म्हणजे त्या दुकानात कोणत्या शब्दांत बोलावे हे आपल्याला कळेल.

सात दिवसांचा जो उल्लेख त्यांनी केला, तो बहुधा ‘डीओए’चा आहे. खोके उघडताच माल खराब निघाला, तर कंपनी किंवा वितरक काही दिवसांत तो सरळ बदलून देतो. ती मुदत संपली की काउंटरवरून बदली मिळत नाही, दुरुस्ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून होते. इथवर त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण डीओएची मुदत संपणे आणि दुकानाचा संबंध संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिल त्यांच्या नावाचे आहे, पैसे त्यांनी घेतले आहेत. ग्राहकाची केस पुढे नेणे, वितरकाच्या माणसाशी बोलणे, बिलातली चूक सुधारणे हे आमचे काम आहे आणि आम्ही ते केले पाहिजे. सगळेच करत नाहीत, हे मान्य करतो.

सीरियल नंबरची चूक सोडवणे सोपे आहे. आम्ही वितरकाकडून माल घेतो तेव्हा त्याच्या बिलावर प्रत्येक नगाचा सीरियल नंबर बहुधा छापून येतो, कारण तिथे बारकोड वाचणाऱ्या यंत्राने नोंद होते. हाताने लिहिताना १ चा ७ होऊ शकतो, यंत्राच्या नोंदीत तसे होत नाही. दुकानदाराकडून लेटरहेडवर चार ओळींचे पत्र मागा: अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या बिलावर सीरियल नंबर लिहिताना एक अंक चुकला आहे, बरोबर नंबर अमुक आहे, आणि हा नग आम्हीच विकला आहे. खाली सही, शिक्का आणि जीएसटी क्रमांक. नवीन तारखेचे बिल मात्र मागू नका, आणि त्यांनी देऊ केले तरी घेऊ नका. एकाच नगाची दोन बिले झाली की कंपनीचा संशय वाढतो.

खोके ठेवले आहे असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. फार चांगले केलेत. खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, तयार झाल्याचा महिना आणि वर्ष, आणि ग्राहक सेवेचा फोन व ईमेल छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ग्राहक सेवेचा तोच ईमेल वापरा. स्थानिक सर्व्हिस सेंटर ही बहुतेक वेळा कंपनीची स्वतःची शाखा नसते, ठेका घेतलेली वेगळी संस्था असते. तिथे आलेला शेरा बदलायचा असेल, तर कंपनीकडूनच फेरतपासणीचा आदेश यावा लागतो.

आपल्या भागाची म्हणून एक गोष्ट सांगतो. निपाणी-चिकोडीकडचे बरेच ग्राहक कोल्हापूरला जाऊन खरेदी करतात, आणि वॉरंटीची वेळ आली की तिकडे जावे की इकडे, हे त्यांना कळत नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक २७ने सुरू होत असेल तर दुकान महाराष्ट्रात नोंदलेले आहे, २९ने सुरू होत असेल तर कर्नाटकात. कंपनीची वॉरंटी देशभर चालणारी असेल, तर या आकड्याने काही अडत नाही. बेळगावच्या सेंटरने कोल्हापूरचे बिल नाकारता कामा नये. तरी फोनवर तक्रार नोंदवताना आपला सध्याचा पत्ता आणि पिनकोड आधी सांगावा, म्हणजे केस जवळच्या सेंटरकडे येते.

उत्तर ३ (टिळकवाडी, बेळगाव)

मी वकील नाही. तीन वर्षांपूर्वी कोल्हापुरात घेतलेल्या मॉनिटरसाठी मी बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः तक्रार चालवली, त्या अनुभवावर लिहिते.

आपण आतापर्यंत जे केले ते सगळे बोलून केले आहे. दुकानदार बोलला, इंजिनिअर बोलला, आपण ऐकून घरी आलात. आपल्याकडे कागद एकच आहे आणि तो आपल्याविरुद्ध आहे. माझेही असेच झाले होते. दोन महिने मी दर शनिवारी फोन करत होते आणि दर वेळी नवा माणूस मला नव्याने सगळे विचारत होता. म्हणून आधी एक पत्र लिहा. दुकानदार आणि कंपनी, दोघांच्या नावे एकच पत्र, ईमेलने आणि स्पीड पोस्टानेही. त्यात खरेदीची तारीख, दोष दिसल्याची तारीख, इंजिनिअर आल्याची तारीख, त्याने दाबल्यावर रेघ गेल्याचा उल्लेख, चित्रफीत आणि दुकानाचे दुरुस्तीपत्र, इतके असू द्या. शेवटी स्पष्ट मागणी करा: वॉरंटीत विनाशुल्क पॅनेल बदलून द्यावे, अन्यथा कोणता तडा किंवा कोणती खूण पाहून ‘फिजिकल डॅमेज’ ठरवले ते छायाचित्रासह लेखी कळवावे, पंधरा दिवसांत. माझ्या बाबतीत खरी हालचाल या दुसऱ्या वाक्याने झाली. जे तोंडी सहज म्हणता येते, ते छायाचित्र जोडून लिहिणे अवघड जाते.

दुकानदाराच्या जबाबदारीबद्दल सांगते. विक्रीचा करार आपला आणि दुकानदाराचा असतो. कंपनीची वॉरंटी ही त्यावर मिळालेली जादा हमी आहे. १९३०च्या वस्तुविक्री कायद्यातले सोळावे कलम मालाच्या योग्य दर्जाची जी गृहीत अट घालते, ती विक्रेत्यावर आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे या गोष्टी अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलाखालची ओळ सदोष मालाला लागू करता येत नाही. चौदा महिन्यांनंतर आयोग दुकानदाराला किती जबाबदार धरील, हे प्रकरणावर अवलंबून राहील. पण तक्रारीत त्याला पक्षकार करायला काहीच हरकत नाही, आणि मी तरी केलेच असते.

पत्राला उत्तर आले नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लावा. तिथे मराठीतूनही बोलता येते, कन्नडमधूनही. ते निवाडा देत नाहीत, पण तक्रार कंपनीच्या वरिष्ठ कक्षाकडे पोचवतात, आणि अनेकांचे काम तेवढ्यावर होते.

त्यापुढची पायरी आयोगाची. लोक तिथे जायला घाबरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे, म्हणून नकाराची तारीख असलेला प्रत्येक कागद जपावा. तक्रार ऑनलाइनही करता येते. त्यासाठी आधी ई-दाखिल हे संकेतस्थळ होते, आता ई-जागृती आहे. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस, आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी पंधरा दिवस मिळतात. निकाल तीन महिन्यांत आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. माझ्या प्रकरणाला त्याहून जास्त लागले, हे लपवत नाही.

आपल्या सीमाभागाला या कायद्याने मोठी सोय दिली आहे. १९८६च्या जुन्या कायद्यात विक्रेता जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला असेल, तिथेच जावे लागे. म्हणजे कोल्हापूरचे बिल असेल तर कोल्हापूरला फेऱ्या. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे काम करून कमावतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मी घरापासून रिक्षाने जात होते आणि दुकानदाराच्या माणसाला कोल्हापुरातून यावे लागत होते. तिसऱ्या तारखेआधीच त्यांचा तडजोडीचा फोन आला. तक्रार मी इंग्रजीत लिहिली होती आणि दुकानदाराच्या मराठी चिठ्ठ्यांचे इंग्रजी भाषांतर जोडले होते.

आणि हे आपल्यासाठी खास. आपण मॉनिटर धंद्यासाठी वापरता, म्हणून कंपनीचा वकील ‘व्यापारी हेतू’चा मुद्दा काढेल, व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ग्राहक ठरत नाही. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्यातून वगळली आहे. आपण एकटेच काम करता, नोकर नाही, हेच आपले उत्पन्न आहे, ही तीन वाक्ये तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. ती लिहायची राहून गेल्यामुळे चांगली प्रकरणे अडकतात.

प्रश्नकर्ता, पाच आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवतो.

खानापूरच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे रात्री दिवे मालवून बॅटरीच्या झोतात काच पाहिली. तडा नाही, डागही नाही. चित्रफीत दोन मिनिटे दहा सेकंदांची झाली. दुकानदाराने पत्र द्यायला सुरुवातीला टाळाटाळ केली, पण वितरकाच्या बिलावर नग नोंदलेला असतो असे मी म्हटल्यावर त्यांनी फाईल काढली. तिथे शेवटचा अंक १ हाच छापलेला होता. त्यांनी तिथेच पत्र लिहून शिक्का मारला आणि वितरकाच्या प्रतिनिधीला माझ्यासमोर फोन लावला. राग धरण्याचे मला काही कारण राहिले नाही.

मग ताईंनी सांगितल्या तशा मजकुराचे पत्र खोक्यावरच्या ईमेलवर आणि पोस्टाने पाठवले. नवव्या दिवशी कंपनीकडून फेरतपासणीचा क्रमांक आला, दुसरा इंजिनिअर आला. त्याने काच तपासली, मेनूवरून जाणारी रेघ पाहिली आणि पहिला शेरा रद्द करून ‘पॅनेल दोष, वॉरंटीत’ असे लिहिले. पॅनेल यायला अकरा दिवस लागले. काल ते बसवून झाले, एक रुपयाही द्यावा लागला नाही.

जाताना तो जॉबशीटवर फक्त ‘काम पूर्ण’ असे लिहीत होता. मी त्याला थांबवून नव्या पॅनेलचा क्रमांक, बदलल्याची तारीख आणि मूळ वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील, हे तिन्ही लिहून सही करायला सांगितले. त्याने लिहिले. तो कागद, दुकानाचे पत्र आणि बिल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी खोक्यात ठेवले आहेत आणि खोके पुन्हा माळ्यावर टाकले आहे.